चक्रधर मुंबईत उतरतो तेव्हा

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' परत वाचून काढलं आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून राहिले. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी इथेच थांबा, कारण मी शेवटासकट सगळं बोलणार आहे, आणि शेवट माहीत नसताना हे पुस्तक वाचायला मिळणं हे नशीब एकदाच असतं, ते माझ्यापायी घालवू नका.

गोष्ट सांगायला गेलं तर दोन मिनिटांत संपते. चक्रधर विध्वंस नावाचा आपला मराठी माणूस युरोपातून बोटीने परत येतोय, त्याच बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून निघालेले ज्यू आहेत, आणि त्यांच्यात एक हॅर्टा आहे. दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. मग मुंबई येते. तो उतरतो, तिच्याजवळ इथे राहायचा परवाना नाही, बोट तिला घेऊन पुढे जाते. बस. १९३९ मध्ये आलेलं पुस्तक, अगदी छोटंसं, एका बैठकीत होतं, पण नंतर कितीतरी दिवस आपण त्याच्याच भोवती फिरत राहतो.

त्या बोटीवर ती माणसं कशी येऊन पडली हे थोडं माहीत असलं ना की वाचताना प्रत्येक पान जड होत जातं. जुलै १९३८ मध्ये फ्रान्सातल्या एव्हियाँ गावी ३२ देश ह्याच प्रश्नासाठी बसले होते, की ह्या लोकांना घ्यायचं कोणी, आणि जवळपास सगळ्यांनी हात वर केले. ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे'चा शिक्का बसायला लागला. देश सोडायचा तर सोबत रोख फक्त १० मार्क न्यायचे, बाकी जन्मभराचं सगळं तिथेच. मग ९ नोव्हेंबरची ती रात्र, सिनेगॉग जाळले, दुकानं फोडली, हजारो पुरुष उचलून नेले, आणि त्यानंतर जो तो मिळेल त्या बोटीचं तिकीट शोधत सुटला. शांघाय हे एक असं बंदर होतं जिथे व्हिसाशिवाय उतरता यायचं, म्हणून इटलीहून निघणाऱ्या बोटी भरभरून तिकडे जायच्या, सुवेझ, एडन, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग असं करत. म्हणजे त्या लोकांना वाटेत मुंबई दिसायची. नुसती दिसायची.

पण इतिहासासाठी मी हे पुस्तक उघडत नाही. मी हॅर्टासाठी उघडते. तिचं आधीचं एक प्रेम मागे जर्मनीत राहिलंय, घर राहिलंय, पुढे जिथे जातेय तिथे ओळखीचं कोणी नाही, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध ती एका परक्या देशाच्या माणसावर इतका जीव लावते की वाचताना भीती वाटते, की बाई गं, एवढं नको देऊस, हा उतरून जाणार आहे. जमीन मागे पडली की वेळही वेगळाच चालत असणार, घरी जे बोलायला वर्ष लागेल ते डेकवर एका संध्याकाळी बोलून होतं. आणि प्रत्येक बंदर आलं की उरलेल्यातून एक दिवस कमी. बेडेकर हे कुठेही ओरडून सांगत नाहीत, फार विशेषणंही वापरत नाहीत, गोष्ट आपली पुढे सरकत राहते आणि आपणच मनात मोजत बसतो.

चक्रधरचं काय तर त्याच्या मनात उमा नावाची जुनी जखम आहे. त्या एका मुलीचा राग त्याने सगळ्या बायकांवर धरलाय आणि हॅर्टाजवळ तो आधी त्या रागातूनच येतो असं मला वाटतं, की मन गुंतवायचं नाही, ह्या वेळी आपण हरायचं नाही. कॉलेजात वाचलं तेव्हा मी फक्त हॅर्टासाठी रडले होते. ह्या वेळी सगळं लक्ष त्याच्यावर होतं. हिटलर, पासपोर्ट, परवाने हे सगळं खरं, ते त्याच्या हातात नव्हतंच, पण त्या बोटीवर जेवढे दिवस मिळाले होते तेवढे तरी त्याच्या हातात होते, आणि त्यातला किती वेळ त्याने स्वतःला सांभाळण्यात घालवला! जी बाई सगळं गमावून बसलीय ती भरभरून देतेय आणि ज्याला परत जायला घर आहे, देश आहे, भाषा आहे, तो हात आखडून बसलाय. हे मला कॉलेजात नव्हतं दिसलं, आता दिसल्यावर ते सहन होईना.

आता आपलं नागपूर म्हणजे झिरो माईलवाल्यांचं गाव, समुद्र कुठल्याही बाजूने जवळ नाही, आणि त्यात मे महिना. सुट्टीच्या दिवशी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दारं-खिडक्या लावून सगळे कुलरसमोर पडलेले. तशाच दुपारी मी हे वाचलं, मावशीची प्रत घेऊन. खाकी कव्हर घातलेलं, आतला कागद पिवळा पडलेला, आणि कितीतरी उन्हाळे कुलरच्या ओल्या हवेत काढल्यामुळे पानांच्या कडा फुगून वाकड्या झालेल्या, खसचा वास त्यात कायमचा मुरलाय. मावशीला पेन्सिल घेऊन वाचायची सवय. बहुतेक ठिकाणी साध्या रेघा आहेत, पण एका पानाच्या समासात, जिथे चक्रधर बोलायचं ते बोलत नाही, तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलंय, 'बोल ना'. पेन्सिल इतकी दाबलीय की मागच्या पानावर त्याचा उठाव हाताला लागतो. मी त्या उठावावरून बोट फिरवत किती वेळ बसले होते देव जाणे.

संध्याकाळी तिला फोन केला तर माझा आवाज ऐकूनच म्हणाली, "काहून वं, काय झालं? रडून राहिली का?" मी म्हटलं 'रणांगण'. "हां मग बरोबर." आणि मग आमचं जुंपलं. तिचं म्हणणं, तो करणार काय होता? गुलाम देशातला माणूस, सरकार इंग्रजांचं, त्या पोरीला उतरवून घ्यायचं म्हटलं तरी कागद कोण देणार, आणि घरी नेऊन ठेवली असती तर आपल्या लोकांनी तिला जगू दिलं असतं का? मी म्हटलं मावशी, उतरवून घेता आलं नसतं हे मलाही कळतं, पण निदान तिला पूर्ण भरवसा तरी द्यायचा ना, की कुठेही गेलीस तरी माझी आहेस. आणि तूच तर समासात लिहिलंयस. तर ती एक क्षण थांबली, म्हणाली, "ते लिहिलं तेव्हा मी बावीसची होती गं. तेव्हा वाटायचं बोललं की होते."

यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

मुंबईनंतरचा भाग मी दर वेळी हळूहळू वाचते. ती लिहीत राहते, बोट तिला लांब लांब नेत राहते, आणि मग कळतं की हॅर्टाने समुद्रात जीव दिला. इथे पुस्तक जे करतं ते मला अजून दुसऱ्या कुठल्या मराठी कादंबरीत इतक्या ताकदीने दिसलेलं नाही. इतका वेळ तळमळ तिची होती, आता ती सगळी उचलून त्याच्या पदरात टाकली जाते. आपल्याकडे विरहाची गाणी आपण किती आवडीने ऐकतो, त्यात वाट बघणं असतं, निरोप असतो, कोणीतरी येणार असतं. चक्रधरला वाट बघायलाही कोणी शिल्लक नाही. ज्या दिवशी त्याला तिची खरी ओढ लागते त्या दिवशी ती ओढ पोचवायचा पत्ताच राहिलेला नाही. देवदाससारखं पिऊन मरणंही त्याच्या नशिबात नाही, त्याला ह्या सगळ्यासकट जगायचंय, आणि बाहेर महायुद्ध सुरू होणार आहे.

अजून एक गोष्ट मला छळते. त्या काळात जवळपास २०,००० ज्यू शांघायला पोचले. पुढे १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना हाँगक्यू भागात कोंडलं, एकेका खोलीत कितीतरी माणसं, उपासमार, रोगराई, फार वाईट दिवस काढले त्यांनी, पण त्यातले बहुतेक जण युद्ध संपेपर्यंत जिवंत राहिले. युरोपात मागे राहिलेल्यांच्या वाट्याला काय आलं ते आपल्याला माहीतच आहे. बेडेकरांना हे १९३९ मध्ये कळणं शक्य नव्हतं, मला माहीत आहे, आणि ते माहीत असताना हॅर्टाची शेवटची पानं वाचवत नाहीत. तिला अजून थोडे दिवस धरून ठेवणारं कोणीतरी हवं होतं, एवढंच वाटत राहतं. कादंबरीतल्या बाईसाठी असं वाटणं काही जणांना जास्त वाटेल, मला नाही वाटत, त्या बोटींवर खरोखरच्या कितीतरी हॅर्टा होत्या.

आपल्याकडच्या पोरांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं, की बेडेकर मूळचे अमरावतीचे, जन्म १९०६ चा. स्वतः विलायतेला सिनेमाचं शिकायला गेले होते आणि बोटीनेच परत आले. कादंबरी आयुष्यात ही एकच लिहिली. बाकी मग नाटक, सिनेमा, 'रुस्तम सोहराब' त्यांनीच दिग्दर्शित केलेला, १९६३ चा, सुरैयाचा शेवटचा सिनेमा. आत्मचरित्रही अप्रतिम आहे, 'एक झाड आणि दोन पक्षी', त्याला साहित्य अकादमी मिळालं. बायको मालतीबाई, म्हणजे विभावरी शिरूरकर, ज्यांनी 'कळ्यांचे निःश्वास'मधून बाईच्या मनातलं लिहिलं म्हणून १९३३ मध्ये केवढा गदारोळ झाला होता. त्या घरात जेवणाच्या ताटावर काय बोलणं होत असेल याचा मी फार वेळा विचार करते.

ऑफिसातली एक मैत्रीण सध्या वाईट दिवसांतून जातेय, तिने मागितलं, म्हणाली, मनमोकळं रडवणारं काहीतरी दे. मी हे नाही दिलं. ज्याचं आत्ताच तुटलंय त्याच्या हातात 'रणांगण' ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थोडं सावरल्यावर देईन, तेव्हा तिलाही त्याचा उपयोग होईल.

रविवारी धंतोलीला मावशीकडे जायचंय, पुस्तक परत मागितलंय तिने. फोनवर शेवटी म्हणाली की चक्रधरवर भांडू नंतर, आधी उमाचं बोलू, कारण उमा आपल्याला दिसते ती सगळी त्याच्याच तोंडून, तिची बाजू कोणी ऐकलीय, आणि एका पोरीवर खापर फोडून दुसरीशी तसं वागायची त्याला चांगली सोय झाली. मला हे बरंचसं पटून राहिलंय. पण तिला तसं लगेच सांगणार नाही, आधी उमाची सगळी पानं परत एकदा नीट वाचून जाते.