दाजींच्या गाडीतलं ऑइल वाढतंय कसं काय?

आमचे दाजी राहायला विश्रामबागला आणि काम मिरजेत, म्हणजे रोजचं जाणंयेणं सांगली-मिरज रोडवर, जेमतेम आठ-दहा किलोमीटर, त्यात सिग्नल, रिक्षा, वडाप आणि मध्येच कुणी ओळखीचं दिसलं की गाडी बाजूला. गाडी मात्र दांडगी, डिझेल एसयूव्ही, बीएस-६ म्हणजे धुराच्या नव्या नियमातली. मध्यंतरी मोठ्या कौतुकानं सांगत होते, "आपली गाडी ऑइलचा थेंब खात नाय बघ, उलट गेजवर मॅक्सच्या वर दाखवतीय." गॅरेजवाल्यानं गेजची दांडी ओढली, दोन बोटांत ऑइल चोळलं, वास घेतला आणि म्हणाला, "खात नाय हे बरोबर हाय, पण हे नुसतं ऑइल न्हवं, ह्यात डिझेल हाय."

दाजींना काय पटेना. टाकीतलं डिझेल इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये जाईलच कसं? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की डीपीएफच्या, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, निम्म्या भानगडी आपोआप कळतात म्हणून हे जरा बैजवार लिहितोय.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडं बीएस-६ लागू झालं आणि डिझेल कारच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ आला. काजळी अडवणारी जाळीच ती, पण सिरॅमिकची आणि फार बारीक. तसं हे तंत्र नवं नाही, प्यूजो ६०७ मध्ये २००० सालीच आलं होतं, आपल्याकडं पोचायला वीस वर्षं लागली एवढंच. आता जाळी म्हटली की भरणार, आणि भरली की साफ करायला पाहिजे, तर ही साफ होते जाळून. गाडी हायवेला निवांत पळत असेल तर एक्झॉस्टच्या उष्णतेनंच काजळी हळूहळू जळत राहते. गावात मात्र तेवढी उष्णता होतच नाही, मग काजळी ठरावीक पातळीला गेली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच ठरवतो की आता जाळायचं, आणि त्यासाठी जाळीचं तापमान ६०० डिग्रीच्या आसपास न्यायला लागतं. ह्याला रीजनरेशन म्हणायचं, गॅरेजमध्ये नुसतं रीजन.

एवढी उष्णता आणायची कुठनं? बऱ्याच गाड्यांत इंजेक्टर एक जादा फवारा मारतो, तोही पॉवरचा स्ट्रोक होऊन गेल्यावर, उशिरा. हे डिझेल सिलिंडरमध्ये जळावं अशी अपेक्षाच नसते, ते धुरासोबत पुढं जाऊन डीपीएफच्या आधी जो कॅटॅलिस्ट असतो तिथं जळतं आणि जाळी तापते. पण त्या वेळी पिस्टन खाली गेलेला असतो, सिलिंडरची भिंत उघडी पडलेली, त्यामुळं थोडा फवारा भिंतीला लागतो आणि रिंगांच्या बाजूनं उतरून चेंबरमध्ये जातो. पेट्रोल असं उतरलं तर बरंचसं गरम ऑइलमधनं उडून तरी जातं. डिझेल उकळायला लागतं १८० डिग्रीच्या आसपास आणि ऑइल असतं शंभरच्या आगंमागं, ते कुठं उडणार? बसतं साचत. काही कंपन्या ह्यासाठी एक्झॉस्टमध्येच वेगळा इंजेक्टर देतात, त्या गाड्यांत हा त्रास जवळजवळ नाही.

आणि खरी गोम पुढं आहे. रीजन पूर्ण व्हायला दहा-वीस मिनिटं गाडी सलग पळायला पाहिजे. दाजी तेवढ्यात मिरजेत पोचून गाडी बंद करतात. म्हणजे डिझेल फवारून झालं, जाळी तापत आली आणि चावी फिरली. संध्याकाळी परत पहिल्यापासनं, परत फवारा. काजळी आहे तिथंच आणि ऑइलमध्ये डिझेल वाढत चाललंय. त्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं लागल्यावर वीसच्या वर स्पीड निघत नाही, मग तर बघायलाच नको.

बऱ्याच गाड्या रीजन चालू असल्याचं सांगतसुद्धा नाहीत, लाइट लागतो तो जाळी जास्त भरल्यावर. तरी खुणा असतात. उभ्या गाडीचा आरपीएम जरा चढलेला असतो, अॅव्हरेज एकदम पडलेलं दिसतं, करपल्यासारखा वास येतो आणि गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा फॅन जोरात फिरत राहतो. हे दिसलं तर लगेच बंद करू नका, एक चक्कर जास्त मारा. अजून एक आपल्याकडंच सुचणारी गोष्ट, अशा तापलेल्या गाडीनं शेताच्या कडंला वाळलेल्या पाचटावर उभं राहू नका, खाली सायलेन्सर किती तापलेला असतो ते वर सांगितलंयच.

बरं, ऑइल वाढलं तर बिघडतं काय? एक तर ते पातळ होतं, मग बेअरिंग आणि टर्बो, जिथं ऑइलच्या थराशिवाय काही नसतं, तिथं घासायला सुरुवात. दुसरं, लेव्हल फार वर गेली की क्रँक ऑइलमध्ये बुडून फेस करतो, आणि ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरची वाफ बाहेर काढणाऱ्या, नळीतनं ऑइल इंजिनच्या हवेच्या वाटेला गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं, रेझ आपोआप चढते आणि चावी काढली तरी बंद होत नाही. असं क्वचितच होतं, पण झालं तर इंजिन गेलंच समजा. म्हणून मॅक्सच्या बरंच वर गेलंय दिसलं तर "बघू सर्व्हिसला" म्हणू नका. थोडं काढून टाकूनही चालत नाही, उरलेलंही पातळच असतं, ऑइल-फिल्टर दोन्ही बदला. आणि सर्व्हिस झाल्या झाल्या सपाट जागेवर गेज बघून ठेवा, कारण कधीकधी भरतानाच जास्त भरलेलं असतं आणि बोल डीपीएफला. रंग दुधाळ चहासारखा असेल आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र विषय वेगळा, पाणी शिरलंय.

ऑइल कंपनीनं सांगितलंय त्याच ग्रेडचं, लो-अॅशच टाका. काजळी जळते पण ऑइलमधली राख जळत नाही, चुलीत जशी उरते तशी जाळीत उरते आणि कुठल्याच रीजननं निघत नाही.

दाजींना एका मित्रानं सल्ला दिला, "काढून टाक की डीपीएफ, रीमॅप मार," म्हणजे ईसीयूचं सेटिंगच बदल. मला हे अजिबात पटत नाही. बेकायदेशीर तर आहेच, वर ती काजळी श्वासातनं आपल्याच पोरांच्या छातीत जाणार. ऑइल बदलल्यावर दाजी आता अधनंमधनं रविवारी मिरजेतनं सोलापूर रोडला दंडोबाच्या पलीकडं जाऊन येतात, गिअर एक खाली, आरपीएम दोन हजाराच्या वर, सलग. आक्का म्हणते ह्या डिझेलच्या पैशात पेट्रोल गाडी परवडली असती, आणि खरं सांगू का, हिशोब तिचाच बरोबर आहे. शोरूममध्ये रोजचं रनिंग किती, हा साधा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

सेकंडहँड बीएस-६ डिझेल बघणाऱ्यांनी तर किलोमीटर कमी म्हणून हुरळून जाऊ नका. गावातच फिरलेल्या वीस हजारवालीपेक्षा पुणे-बेंगलोर हायवेला लाखभर पळालेली मी डोळे झाकून घेईन. म्हणजे डोळे झाकून नको, गेज ओढून.