फक्त माहीम नाही

७ जून १९९४ रोजी माझं वजन २९ किलो होतं. १२ ऑक्टोबर २००१ रोजी ५४. २००६च्या दिवाळीत, म्हणजे लग्नानंतर सहाच महिन्यांनी, ६८. हे सगळं मी डॉक्टरांना सांगायला लागलो की ते पेन खाली ठेवतात. "आजचं सांगा," म्हणतात. आजचं मला माहीत नसतं.

मी वजनाची तिकिटं जमवतो. लोकलच्या फलाटावर ती उंच, लालभडक यंत्रं असायची ना, त्यांची. पुढे काच, काचेआड लुकलुकणारे दिवे, आणि आपण चढलो की गरगर फिरणारं चक्र. चक्र थांबेपर्यंत दम धरायचा, मग नाणं टाकायचं. आतून खटॅक आवाज आला की खालच्या वाटीत जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडणार. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य, आणि नशीब बरं असेल तर सिनेनटाचा फोटो. वजन, भविष्य आणि हिरो तिन्ही एका नाण्यात, तेही गाडी यायच्या आत. मुंबईकराला याहून काय हवं?

आम्ही दोघे भाऊ. बाबा नाणं एकच द्यायचे. मग दोघांनी एकदम चढायचं, तिकिटावर दोघांचं मिळून वजन यायचं आणि त्यातून शाळेच्या आरोग्य तपासणीतलं भावाचं वजन वजा करून मी माझं काढायचो. वजाबाकी माझी त्या फलाटावर पक्की झाली. पण तिकीट कोणाचं, यावर कुर्ला येईपर्यंत मारामारी. शेवटी १९९४च्या जूनमध्ये, नव्या वह्या घ्यायला दादरला गेलो होतो तेव्हा, बाबांनी कंटाळून दोन नाणी दिली. २९ किलोचं ते तिकीट हे माझं पहिलं. मागे भविष्य होतं की परदेशगमनाचा योग आहे. त्या दिवशी गाड्या बंद पडल्या आणि आम्हाला कुर्लासुद्धा रात्री नऊला दिसलं.

मी हेच का जमवायला लागलो, याचं खरं उत्तर जागा. गोळा करायची हौस आमच्या घराण्यात आहेच, पण आमची खोली १८० चौरस फुटांची. नाशिकचा माझा एक चुलतभाऊ जाती, पाटे-वरवंटे आणि तांब्याचे बंब जमवतो, कारण त्याला अंगण आहे. मुंबईत बंब जमवायचे म्हणजे बंबातच राहायची तयारी हवी. इथला छंद कार्पेट एरिया बघून ठरतो. म्हणून मुंबईचा संग्राहक बहुधा चपट्या वस्तूंचा असतो: तिकिटं, नोटा, काडेपेट्यांचे छाप. माझा मामा अंबरनाथला राहायचा. तिथे विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना होता, तेव्हा त्याला छापांचं वेड लागलं यात नवल नाही. जहाज, घोडा, चित्ता असं काय काय वहीत चिकटवलेलं असे. त्याचा दंडक एकच होता: ज्याची दुसऱ्याला किंमत नाही तेच जमव, म्हणजे चोर येत नाहीत आणि पाहुणे मागत नाहीत.

पाहुण्यांचं खरंच आहे. ते वही उघडतात, तीन पानं उलटतात आणि विचारतात, "याचं पुढे काय करणार?" हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात श्रीखंडाचे रिकामे डबे एकात एक घालून माळ्यापर्यंत गेलेले मी पाहिले आहेत. दाराच्या मागे पिशव्यांची पिशवी लटकलेली असते आणि तिच्या तळाशी असलेली पिशवी कुठल्या दुकानाची हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसतं. त्याला संसार म्हणतात. माझ्याला मात्र छंद.

आता वही. साध्या आल्बममध्ये ही तिकिटं बसत नाहीत, कारण ती जाड. हा आकार मूळचा रेल्वेचा. थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरने १८३०च्या दशकात, हाताने तिकिटं खरडायचा जाच चुकवावा म्हणून, क्रमांक छापलेलं पुठ्ठ्याचं तिकीट काढलं. साधारण ५७ मिलिमीटर बाय ३०. पुढे जगभरच्या खिडक्यांवरून तेच विकलं गेलं, आपल्याकडेही संगणक येईपर्यंत तेच होतं. माझी वजनाची तिकिटं जवळपास त्याच मापाची. व्हिजिटिंग कार्डांच्या फोल्डरच्या एका खिशात ती उभी तीन बसतात, वरून जरा डोकं काढून, लोकलच्या दारातल्या माणसांसारखी. हा शोध मला लागला तेव्हा मी रात्री अकरा वाजता बायकोला उठवलं होतं. तो प्रसंग मी इथे वाढवत नाही.

संग्रह म्हटला की नियम आले. ते कोणी घालून दिलेले नसतात, आणि म्हणूनच मोडता येत नाहीत. माझे तीन. तिकीट स्वतः चढून काढलेलं असलं पाहिजे. मागे पेन्सिलीने स्टेशन आणि तारीख त्याच दिवशी लिहिली पाहिजे. आणि विकत, उसनं किंवा अदलाबदलीत काही घ्यायचं नाही. यामुळे झालं असं की हा जगातला बहुधा एकमेव संग्रह असावा, ज्यात वस्तूंबरोबर संग्राहकही वाढत गेला. यंत्रांचाही आपापला स्वभाव. एकाच संध्याकाळी दादरला मी ६२ होतो आणि वांद्र्याला ६४. मधे फक्त एक वडापाव झाला होता.

कुर्ल्याचा माणूस असून मी वेस्टर्नच्या मागे लागलो, कारण रोजच्या लाइनीवर छंद केला की तो छंद वाटत नाही, प्रवास वाटतो. चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत २१ स्टेशनं. राम मंदिर धरलेलं नाही. ते २०१६च्या डिसेंबरात आलं, तोवर माझी यादी झाली होती. रविवारी बाहेर पडायचं, एक-दोन स्टेशनं उरकायची. चर्नी रोडचं यंत्र तीनदा नाणं गिळून चौथ्यांदा पावलं. महालक्ष्मीला मागे एका थोराड नटाचा फोटो आला, खाली नाव भलत्याच नटाचं. २० झाली. माहीम राहिलं. दरवेळी माहीमला काहीतरी व्हायचं. एकदा यंत्र बंद, एकदा त्यावर भेंडीची गोणी ठेवून एक बाई झोपलेली, एकदा तर मी चुकून फास्ट गाडीत.

पेन्सिलीतल्या नोंदींनी पुढे वेगळाच घोळ घातला. एका तिकिटावर 'व्ही.टी.' आहे, १९९५चं. पुढच्याच वर्षी व्ही.टी.चं सी.एस.टी. झालं, २०१७ साली सी.एस.एम.टी. 'एल्फिन्स्टन रोड' लिहिलेलं आहे, ते २०१८पासून प्रभादेवी. माझ्या पहिल्या तिकिटावर 'दादर, सेंट्रल, फ. १' आहे. २०२३च्या डिसेंबरात दादरचे फलाट सलग मोजायला घेतले आणि सेंट्रलचा एक नंबर झाला आठ. मी खोडरबर हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. मग ठेवून दिला. २९ किलो तरी आता कुठे खरे आहेत?

आमच्या ८.१७च्या गाडीत आणखी एक जण आहे. तो लग्नपत्रिकांवरचे गणपती जमवतो. हा छंद महाराष्ट्रात घरोघरी सुरू होतो आणि शंभराच्या आत आटपतो, याचा अकराशेच्या पुढे गेला आहे. पगडीतला, लॅपटॉपवरचा, पिंपळपानातला, नुसत्या एका रेषेतला. पत्रिका हातात आली की तो नवऱ्यामुलाचं नावसुद्धा वाचत नाही, थेट वरचा मधला भाग बघतो. एकदा गणपती कापताना मागच्या बाजूचा मुहूर्तही कात्रीत गेला आणि हा हॉलवर पोचला तेव्हा दुसरी पंगत उठत होती. आम्ही एकमेकांचे संग्रह कधीच पूर्ण बघितलेले नाहीत. दुसऱ्याचा संग्रह बघणं कंटाळवाणं असतं, हे संग्राहकाला सगळ्यात चांगलं कळतं. पण "नवीन काय?" एवढं रोज विचारतो. तेवढं पुरतं.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर. मी ऑफिसात अडकलो होतो. पाणी शिरायला लागल्यावर आईने आधी सिलेंडर बंद केला, मग रेशनकार्ड आणि दागिने पदरात बांधले, मग माळ्यावर काय चढवलं असेल? श्रीखंडाचे डबे. "त्यात डाळी होत्या रे," ती आजही सांगते. माझी तिकिटं तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती. तो डबा रात्रभर घरातल्या घरात तरंगला. झाकण घट्ट होतं, पण इतकंही नाही. दोन दिवसांनी उघडला तर तिकिटांची एक वीट झाली होती. वर्तमानपत्रात दाबून, पंख्याखाली पसरून, शेवटी कोमट इस्त्री फिरवून मी ती एकेक सोडवली. १९ गेली. जी वाचली त्यांतल्या काहींची शाई एकमेकांना लागली. सांताक्रूझच्या तिकिटावरच्या नायिकेला खारच्या नायकाची मिशी आली आहे. हे माझं सर्वांत आवडतं तिकीट. ती मिशी तिला शोभतेही.

त्यानंतर डांबरगोळ्या, बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या त्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या, पावसाळ्यात महिन्यातून एकदा ऊन दाखवणं. घरात लोणच्याची इतकी बडदास्त नाही.

लग्नानंतर सासरी पुण्याला गेलो की मी बायकोला घेऊन राजा दिनकर केळकर संग्रहालयात जायचो. केळकर चष्म्याच्या व्यवसायातले, 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारे. १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला लागले ते थांबलेच नाहीत, आणि लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं. अडकित्त्यांसमोर बायको बराच वेळ उभी राहिली. पत्नी कमलाबाईंची या कामात त्यांना साथ होती, हे मी संधी साधून सांगितलं.

"साथ म्हणजे पुसलं असणार," ती म्हणाली.

एकदाच नियम डळमळला. चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, एका शुक्रवारी. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजाचे दिवे, मोडके टाइपरायटर यांच्यामध्ये एका पोत्यावर रबरबँड लावलेली तिकिटांची चळत पडली होती. पाठीवर भविष्य आणि फोटो छापलेले, वजनाची बाजू कोरी. कुठल्यातरी भंगारात काढलेल्या यंत्राच्या पोटातली असणार. कोणाचंच वजन नसलेली तिकिटं! मी भाव विचारला. तिथे वस्तूकडे बघायचं नसतं, शेजारच्या वस्तूकडे बघत विचारायचं असतं, हे मला माहीत होतं. पण डोळे ऐकेनात. "पाचसौ." मी म्हटलं, कागदाचे? "आपकी आँखें बोल रही हैं, पाचसौ." विकत घ्यायचं नाही हा नियम आठवून मी तिथून निघालो. आठवडाभर झोप नीट नाही. पुढच्या शुक्रवारी खिशात सातशे घेऊन गेलो तर चळत नाही. "बिक गया. आप ही के जैसा एक था."

माझ्यासारखा. म्हणजे या शहरात आणखी एक आहे. तेव्हापासून गाडीत समोर कोणी व्हिजिटिंग कार्डांचा फोल्डर उघडला की मी मान वाकडी करून बघतो. आजवर सगळे विमा एजंट निघाले.

आणि आता माहीम. २०१३ साली आम्ही दोघं माहीमला एका नातेवाइकांकडे जाऊन परतत होतो. फलाटावर यंत्र उभं, दिवे चालू, वर भेंडी नाही, बाई नाही. माझे हात थरथरायला लागले. खिसे चाचपले: सुट्ट्यांच्या बदल्यात मिळालेली तीन चॉकलेटं. बायकोच्या पर्समध्ये, तळाशी, टिकल्यांच्या पाकिटाखाली, नाणं निघालं. एकच. मी चढलो. चक्र फिरलं, फिरलं, मंद होत थांबलं. मी नाणं फटीत सरकवलं आणि त्याच क्षणी बाईसाहेब मागून चढल्या. गंमत म्हणून. खटॅक.

१३४.

दुसरं नाणं नव्हतं. गाडी आली. पुढच्या रविवारी मी मूठभर नाणी घेऊन गेलो तेव्हा यंत्राच्या जागी फरशीवर चार बोल्टांची भोकं होती.

ते तिकीट वहीत आहे, पण खिशात नाही, पानाला नुसतं टेकवलेलं. मागे पेन्सिलीने स्टेशन लिहिलंय, तारीख लिहिलीय. स्वतः चढलो होतो, विकत घेतलेलं नाही. नियमात बसवायचं तर फक्त एक वजाबाकी करायची राहिली आहे, आणि वजाबाकी माझी पक्की आहे. गेली कित्येक वर्षं मी तिला विचारतोय. किती वजा करायचे, ते ती सांगत नाही.