चावी काढली तरी गाडी बंद होईना

सुरूर फाट्याजवळ माझं गॅरेज आहे. पुण्याहून साताऱ्याकडे येणारी गाडी खंबाटकी चढून उतरली की आमच्या समोरूनच जाते. घाटात तापलेल्या, ब्रेक जळालेल्या, क्लच गेलेल्या गाड्या नेहमीच येतात. पण मे महिन्यातल्या त्या शनिवारची गाडी माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

सकाळी अकराच्या सुमारास सात माणसांची एक डिझेल गाडी दारात येऊन थांबली. मागे निळसर-पांढऱ्या धुराचा एवढा लोट, की रस्ता दिसत नव्हता. गाडी चालवणाऱ्या काकांनी चावी फिरवून काढली, हातात घेतली, आणि इंजिन तसंच चालू राहिलं. नुसतं चालू नाही, आपोआप रेस होत होतं. आवाज चढत चढत किंचाळल्यासारखा झाला. मी ओरडलो, "आधी सगळ्यांना खाली उतरवा, लांब न्या!" आजी, दोन लहान मुलं, सगळे उतरून पळाले.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा आणि जळणारं काहीतरी आत गेलं की ते चालतं. इथे टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, वाटेनं त्याचंच इंजिन ऑइल आत चाललं होतं आणि तेच जळत होतं, मग चावीचा उपयोग काय? मी आत बसलो, हँडब्रेक ओढला, ब्रेक पूर्ण दाबला, वरचा गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. गाडीला जोरात हिसका बसला आणि इंजिन गप्प झालं. माझे हात नंतर बराच वेळ थरथरत होते. अशा वेळी बॉनेट उघडून हवेच्या पाइपावर हात ठेवायला जाणारे मी ऐकलेत. कृपा करून तसं करू नका, त्या ओढीनं हात आत खेचला जातो.

काकांना पाणी दिलं आणि विचारलं, "ऑइल कुठं टाकलं होतं का?"

"शिरवळला चहाला थांबलो तेव्हा ऑइल मोजायची काडी काढून बघितली. कमी वाटलं, काळंही दिसलं. म्हणून डिकीतला एक लिटरचा डबा ओतला. मग घाटात गाडी ओढेना, धूर यायला लागला. पुन्हा बघितलं तर नीट कळेना. म्हटलं कमी पडायला नको, दुसराही ओतला."

काकांचा हेतू चांगलाच होता. चूक झाली ती काडी बघण्यात. गाडी नुकतीच बंद केलेली, बरंचसं ऑइल अजून वर, हेडमध्ये. ते खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरायला दहा मिनिटं तरी द्यावी लागतात. घाटात तर गाडी चढावर उभी, त्यामुळे चेंबरमधलं ऑइल एका बाजूला गेलेलं. आणि काळ्या रंगाचं म्हणाल, तर डिझेल गाडीत नवं ऑइल थोडंसं चाललं तरी काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

गाडी सपाट जागी ढकलली. पंधरा मिनिटांनी काडी पुसून, पूर्ण आत घालून, पुन्हा काढली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर! ड्रेन बोल्ट काढून मापाच्या डब्यात उतरवलं तर साडेचार लिटर भरलं. या १.३ लिटरच्या इंजिनाला लागतं तीनच्या आसपास. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा, पाइप सोडला तर त्यातूनही ऑइल गळायला लागलं. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा, त्या जादा ऑइलमध्ये बुडून ते घुसळत होता. त्याचा फेस आणि वाफ इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून टर्बोत, तिथून इंटरकूलरमधून सिलिंडरमध्ये. शिवाय फेसाळलेल्या ऑइलला पंप दाब देऊ शकत नाही, म्हणजे ऑइल भरपूर असूनही बेअरिंग कोरडी पडायची.

डब्यावर २०डब्ल्यू-५० लिहिलेलं होतं. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३०. जुन्या ट्रकला जाड ऑइल चांगलं, म्हणून आपल्यालाही चांगलं, असं आमच्याकडे पुष्कळ जण धरून चालतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो, नंतरचा गरम इंजिनातला जाडपणा. आताच्या इंजिनांच्या फटी बारीक असतात, तिथे सकाळी सेल्फ मारल्यावर पातळ ऑइल लवकर वर पोचतं. ग्रेड पुस्तकात बघूनच घ्यावा, दुकानदार काय म्हणतो त्यावर नाही.

टर्बोच्या शाफ्टला हातानं हलवून बघितलं, ढिलेपणा नव्हता. इंटरकूलर आणि पाइप धुऊन वाळवले. फिल्टर बदलून पुस्तकातल्या ग्रेडचं ऑइल मोजून टाकलं, पण पहिल्यांदा थोडं कमीच. चालू करून, बंद करून, थांबून काडी बघितली आणि उरलेलं थोडं थोडं घातलं. बहुतेक छोट्या गाड्यांत काडीच्या दोन खुणांमध्ये लिटरच्या आत-बाहेरच अंतर असतं. काडी मध्ये असेल तर अख्खा डबा ओतायची वेळच येत नाही.

निघायला चार वाजले. काकांची नात, दहा-अकरा वर्षांची, शेजारी उभी राहून सगळं बघत होती. तिच्या हातात फडकं दिलं. तिनं काडी ओढली, पुसली, घातली, पुन्हा काढली आणि उन्हात धरून म्हणाली, "वरच्या खुणेच्या जरा खाली आहे."

सोमवारी कोल्हापूरहून परत जाताना काकांनी फोन केला. धूर नाही, आणि कऱ्हाडला सपाट जागा बघून, पंधरा मिनिटं थांबून, तिनंच काडी तपासली होती.