खापरावरून कळतं तरी काय?

खानापूरच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कधी वर्गातल्या शेवटच्या बाकावरून, पण प्रश्न एकच येतो. "मॅडम, एवढ्याशा खापरावरनं दोन हजार वर्षांपूर्वीचं कळतंय कसं ओ तुम्हाला?" कुणाच्या आवाजात कुतूहल असतं, कुणाच्या आवाजात सरळ अविश्वास. मला दोन्ही आवडतात. इतिहासाबद्दल कुणीही काहीही सांगितलं तरी आधी 'कशावरून?' हे विचारलंच पाहिजे.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नुसत्या खापरावरून फार थोडं कळतं. तुम्ही खिशातून काढून माझ्या हातावर ठेवलेल्या तुकड्याबद्दल मी इतकंच सांगेन की हे चाकावर घडवलंय, आतल्या बाजूला बोटांच्या रेघा आहेत. आतून आणि काठाला काळं, बाहेरून तांबडं आहे, म्हणजे बहुधा भांडं पालथं घालून भाजलंय. आत हवा पोचली नाही तिथे काळं राहिलं. पण तेच खापर जमिनीत कुठे होतं, कशाच्या खाली, कशाच्या वर, शेजारी चूल होती की कचऱ्याचा खड्डा, हे कळलं तर गोष्ट पार बदलते. पुरातत्त्वाचा सगळा जीव वस्तूच्या जागेत असतो.

आपल्याकडे गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी ओळखतात. काळी पिकायची, पांढरी राहायची. ओसाड पडलेली पांढरी बऱ्याच गावांच्या शिवारात असते. नदीकाठचं एखादं टेकाड, पावसानंतर त्यावर खापरं, मणी, बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. ती माती तशी भुरकट का? माणूस राहतो तिथे रोज राख पडते, जनावरांचं शेण पडतं, हाडं पडतात, मातीच्या भिंती पावसात विरघळतात. भिंत कोसळली की मलबा कुणी उचलून नेत नाही, तो सपाट करून त्यावरच नवं घर बांधतात. आत जमीन चोपतात, सारवतात, पुन्हा सारवतात. कापलेल्या खड्ड्याच्या भिंतीत या सारवणाचे पापुद्रे एकावर एक दिसतात. शे-दोनशे वर्षांत गाव स्वतःच्याच मातीवर हळूहळू उंच होत जातं.

उत्खनन म्हणजे हे उंच होणं उलट्या क्रमाने उलगडणं. सुतळी ताणून चौकोन आखायचे, दोन चौकोनांच्या मध्ये न खणलेला बांध सोडायचा, खड्ड्याच्या बाजू ओळंब्यात तासायच्या, म्हणजे थर वाचता येतात. लहान कुदळ, खुरपं, ब्रश, चाळणी. चौकोनांची ही पद्धत भारतात मॉर्टिमर व्हीलर यांनी रुजवली. 1944 साली तक्षशिलेला त्यांनी भरवलेल्या प्रशिक्षण वर्गातून पुढची पिढी तयार झाली. 1947 साली त्यांनी आपल्याच कर्नाटकात, चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला खणून दक्षिणेच्या इतिहासपूर्व काळाची एक शिडी उभी केली. खाली दगडी कुऱ्हाडींचा काळ, वर लोखंड आणि महापाषाणांचा, म्हणजे मृतांसाठी मोठमोठ्या शिळा उभारण्याचा, त्याच्याही वर सातवाहनांच्या सुमाराचा.

इथे एक गैरसमज दूर करायलाच हवा. "जितकं खोल तितकं जुनं" हे खरं नाही. माणूस खड्डे खणतो. आजच्या माणसाने शोषखड्डा खणला तर आजची बाटली दोन हजार वर्षांपूर्वीच्या थराशेजारी जाऊन बसते. घुशी बिळं करतात, झाडांची मुळं वस्तू खाली ओढतात. म्हणून फूट-दीड फुटांचे टप्पे पाडून खणलं की सगळा गोंधळ होतो. मातीचा रंग, पोत, घट्टपणा बदलला की थर बदलला, आणि खड्डा दिसला तर आधी खड्ड्यातली माती वेगळी काढायची. मजूर म्हणून आलेल्या बायांना हे माझ्याआधी कळतं असं मी पाहिलंय. हाताखाली माती सैल लागली की त्या थांबतात. त्यांच्या बोटांवर माझा पुस्तकांइतकाच विश्वास आहे.

आता काळ कसा ठरतो? सगळ्यात साधा पुरावा नाण्याचा. बंद थरात, म्हणजे वरून कुठल्याही खड्ड्याने न बिघडलेल्या थरात, एखाद्या राजाचं नाणं सापडलं, तर तो थर त्या राजाच्या आधीचा असू शकत नाही. नंतरचा असू शकतो, कारण नाणी बराच काळ फिरतात. दुसरा पुरावा कोळशाचा. जिवंत झाड हवेतला कार्बन घेत असतं, त्यात किरणोत्सारी कार्बन-14 चा अगदी अल्प अंश असतो. झाड मेलं की घेणं थांबतं आणि आतला कार्बन-14 घटत जातो, सुमारे 5730 वर्षांत निम्मा. विलार्ड लिबी यांनी 1949 च्या सुमारास ही पद्धत उभी केली आणि 1960 साली त्यांना नोबेल मिळालं. साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत ती चालते. पण लक्षात घ्या, भाजलेल्या मातीचं वय यातून थेट निघत नाही, शेजारच्या कोळशाचं निघतं. कोळसा जुन्या सागवानी तुळईचा असेल तर घर जळालं त्याच्या शंभर वर्षं आधीची तारीख हाती येईल. म्हणून जळके दाणे मिळाले की आम्हाला जास्त आनंद होतो, कारण धान्य त्याच वर्षाचं असतं. खापराचं स्वतःचं वय काढायला तप्तदीप्ती नावाची वेगळी पद्धत आहे. भांडं शेवटचं कधी तापलं ते तीत मोजतात.

हे सगळं दूर कुठे घडतं असं समजू नका. बेळगावात वडगावला माग चालतात, साड्या विणल्या जातात. त्याच वडगाव-माधवपूरच्या जमिनीखाली सातवाहनकाळातलं नगर आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने अ. सुंदर यांच्या नेतृत्वाखाली 1970 च्या दशकात तिथे उत्खनन केलं. विटांची बांधकामं, नाणी, खापरं मिळाली, आणि याच परिसरातून ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला यज्ञाचा उल्लेख असलेला लेखही मिळाला आहे. आपण भाजी घेऊन ज्या रस्त्याने घरी जातो, त्याच्या खाली दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर आहे, आणि शहरातल्या फार थोड्या लोकांना ते माहीत आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेजारच्या कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. 1944-45 च्या सुमारास तिथे पितळी-काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची लहानशी मूर्ती होती, रोमन जगातून आलेली. नुसती मूर्ती बाजारात आली असती तर तिची गणना सुंदर जुन्या वस्तूत झाली असती, एवढंच. पण 1945-46 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकाड शास्त्रशुद्ध खणलं. सगळ्यात खाली सातवाहनकाळ, वर शिलाहारांचा, त्याच्या वर बहमनी काळ असे थर लागले. त्यामुळे ती मूर्ती कुठल्या शहरात पोचली होती ते कळलं. समुद्र घाटाखाली असूनही पंचगंगेकाठचं एक घर रोमशी जोडलेलं होतं. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जाल तेव्हा ती मूर्ती बघा.

तुमचा खरा प्रश्न मात्र माणसांबद्दल असतो. राजे कळले, पण साधी माणसं कशी जगली? त्यासाठी मी नेहमी इनामगावचं नाव घेते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 पासून तिथे वर्षानुवर्षं काम केलं. सांकळिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. इ.स.पूर्व 1600 ते 700 च्या दरम्यानची ती शेतकऱ्यांची वस्ती. माती पाण्यात कालवली की जळके दाणे वर तरंगतात. ते तपासून सातू मुख्य पीक होतं हे कळलं. जनावरांच्या हाडांवरून काय पाळलं, काय शिकार केलं ते कळलं. आधी चौकोनी प्रशस्त घरं होती, शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या झाल्या, शिकारीचं प्रमाण वाढलं. ढवळीकरांचं म्हणणं असं की हवा कोरडी पडत गेली आणि शेती ढासळली.

आणि त्या घरांच्या जमिनीखाली मुलं आहेत. लहानग्याचं शरीर दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून, आईबाप राहत होते त्याच घराच्या जमिनीत पुरलं आहे. मोठ्या माणसांना आडवं पुरलं, पण त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून तसं केलं असावं, असा अर्थ काहीजण लावतात. तो अर्थ आहे, पुरावा नाही. पुरावा इतकाच की पाय नाहीत. हा फरक मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. लेकराला घरातून बाहेर काढवलं नसेल असं मलाही वाटतं, पण तेही माझं वाटणं आहे.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातही मृतांच्या अशा खुणा आहेत. गोकाकजवळ कोन्नूरला मोठमोठ्या शिळा उभ्या करून, वर शिळा ठेवून केलेल्या दगडी खोल्या आहेत. असं काही दिसलं की लोक पांडवांची घरं म्हणतात. ती लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी बांधलेली स्मारकं आहेत. त्याच गोकाकच्या भागात, चिकदौलीला, रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाला गेंड्याच्या हाडांचे जीवाश्म मिळाले आणि 1874 साली त्याने त्यांचं वर्णन छापलं. घटप्रभा-मलप्रभेच्या काठी दगडी हत्यारं गोळा करणाराही तोच. आज जिथे नजर पोचेल तिथे ऊस आहे, तिथे एके काळी गेंडा चरत होता. प्राण्याची हाडं सापडली की त्याच्यासोबत त्याचं गवत, पाणी, पाऊस यांचाही माग लागतो.

मग या भागात हटकून येणारा दुसरा प्रश्न. "मग बेळगाव मूळचं कोणाचं? त्यांचं की आपलं?" याचं उत्तर खापर देत नाही. स्वयंपाक करणारी बाई कुठल्या भाषेत गुणगुणत होती हे भाजलेल्या मातीत उरत नाही. लेख असेल तरच भाषा कळते, आणि तीही लेख कोरवून घेणाऱ्याची. वडगावचा लेख प्राकृतात. खानापूर तालुक्यातल्या हलशीचे कदंब ताम्रपट संस्कृतात. बेळगावच्या किल्ल्यातले रट्ट राजांचे 1204 चे शिलालेख कन्नडात, आणि त्यात गावाचं नाव वेणुग्राम. पुढे किल्ल्याच्या दारावर फारसी आली. मी मराठी घरात वाढले, मराठीसाठी माझा जीव तुटतो, तरी जमिनीकडून मला हवं ते उत्तर वदवून घेणं मला जमणार नाही. तिच्यात सगळेच आहेत.

ते 1204 चे दोन शिलालेख आता लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचा मजकूर वाचून छापलेला आहे, तेवढं बचावलं. पण दगड मुळात नेमका कुठल्या भिंतीपाशी, कुठल्या देवळासमोर उभा होता, त्याच्या पायाशी काय होतं, ते आता दगडाला विचारता येत नाही. याहून जास्त मला आपल्या पांढऱ्यांची काळजी वाटते. पांढरीची माती खतासारखी शेतात टाकायची जुनी पद्धत आहे. पूर्वी बैलगाडीने जायची, आता जेसीबी लागतो आणि एका दिवसात टेकाड सपाट होतं. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याला पीक हवं आहे. पण सोन्याचा हंडा मिळेल म्हणून रात्री खड्डे पाडणाऱ्यांना माझ्यापाशी माफी नाही.

म्हणून विहीर, पाया, शोषखड्डा खणताना काही लागलं तर एवढं करा. हात थांबवा. धुऊ नका, घासू नका, कारण भांड्याला चिकटलेल्या मातीत जळके दाणे असू शकतात. जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन किंवा मोजपट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि खड्ड्याच्या भिंतीचा वेगळा फोटो काढा. वरपासून किती खोल ते लिहून ठेवा. मग तहसीलदार कचेरीत किंवा जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागात कळवा. घरी आणून देव्हाऱ्यात ठेवलेलं असेल तरी चालेल, कुणी रागावणार नाही. फक्त ते कुठल्या शेतात, कुठल्या बांधापाशी मिळालं, हे आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून कागदावर लिहून घ्या.