नारळ पडला की पाडला

परवा आमच्याकडे नारळ पाडायला पाडेली आला होता आणि भाची सोप्यावर इंग्रजीची वही घेऊन बसलेली. पुढच्या आठवड्यात तिची हॉटेलातल्या नोकरीसाठी मुलाखत आहे, म्हणून लाय, ले, लेन आणि ले, लेड, लेड असं एकसारखं घोकत होती. शेवटी वही मिटून म्हणाली, मावशी, सकाळी पाठ केलं की दुपारी सगळं गायब गो, काय करू?

तेवढ्यात मागच्या परसात धप्प आवाज झाला. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, नारळ पडला. आपणहून? नाही, पाडेल्यानं पाडला. म्हटलं, मग तुला येतंय की सगळं!

मला खरंच मनापासून वाटतं की आपण मराठी माणसं इंग्रजीतली ही क्रियापदं उगाच अवघड करून शिकतो. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चरणे-चारणे, गळणे-गाळणे, एक स्वर लांबवला की आपोआप होणारी गोष्ट कुणीतरी केलेली होते. जुन्या इंग्रजीतही अगदी असंच होतं, आतला स्वर बदलून 'करायला लावणं' हा अर्थ आणायचे. सिट-सेट म्हणजे बसणे-बसवणे, लाय-ले, फॉल-फेल, सगळ्या त्याच घरातल्या जोड्या. पिणे-पाजणे तसं ड्रिंक आणि ड्रेंच, आता ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणं झालंय पण मुळात अर्थ पाजणं असाच. राइज-रेझ ही जोडी पण तशीच, फक्त त्यातलं रेझ नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आलेलं. नारळाचे भाव वाढले तर रोझ, दुकानदारानं वाढवले तर रेझ्ड, वाढणे आणि वाढवणे यात आपण कधी चुकतो का?

आता लाय आणि ले. मी सोप्यावर आडवी पडलेय, आय अ‍ॅम लाइंग. मी चटई घातली, आय लेड द मॅट. 'काय घातलं, काय ठेवलं' असं विचारल्यावर उत्तर मिळत असेल तर ले, नसेल तर लाय. लोक चुकतात ते भूतकाळात, कारण लायचा भूतकाळ नेमका ले होतो. काल दुपारी तासभर पडले होते म्हणजे आय ले फॉर अ‍ॅन अवर, इथे लेड नाही. भाची म्हणाली, ही तर फसवणूक आहे. पण फॉलचं बघ म्हटलं, पडलाचा फेल आणि झाड पाडणे हेही फेलच, मग झाड पाडलं तर फेल्ड. दोन्हीकडे एकच गोष्ट आहे, पडण्याचा भूतकाळ आणि पाडण्याचा वर्तमानकाळ सारखाच दिसतो. (हे फेल झाडासाठी हं, नारळाला लावू नये.) हे एकदा दिसलं की घोकायला लागत नाही, तिनं वहीत दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ बघत बसली.

हिअर आणि लिसन तर आणखी सोपं. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा पों-पों ऐकू येतो ते हिअर, आणि तो आपल्या वाड्यावर वळला की पुढे गेला म्हणून कान देऊन ऐकतो ते लिसन. दिसतं ते सी, बघतो ते लुक. सांगणेला टेल, म्हणणेला से. फक्त आपण 'मला सांग' म्हणतो त्यातला 'ला' डोक्यात राहतो आणि टेल टू मी निघतं तोंडून, तो टू काढून टाकायचा, टेल मी.

लेंड-बॉरोबद्दल मात्र मला जास्त कळकळ आहे. उसनं हा आपला शब्द दोन्हीकडे चालतो, दिलं तरी उसनं आणि घेतलं तरी उसनंच, सगळा भार देणे-घेणेवर. माझे आजोबा १९६१ च्या आधी, गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना, पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते सांगायचे तिथे उसनं देणं म्हणजे एम्प्रेस्तार आणि घ्यायचं असेल तर पेदीर एम्प्रेस्तादु, म्हणजे तिथेही उसनं तेच, वर मागणं जोडायचं. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द, उसनं देणं ते लेंड आणि घेणं ते बॉरो. पहिल्या नोकरीत असताना एका मैत्रिणीला मुलाची फी भरायला पैसे हवे होते, मी तिच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, आय विल बॉरो ५०० टुमारो. मला म्हणायचं होतं उद्या देते. तिला वाटलं मलाच पैशाची नड आहे, ती काही बोलली नाही, संध्याकाळच्या कदंबा बसनं घरी गेली आणि कानातलं गहाण ठेवून आली. एका शब्दासाठी. ते मी अजून विसरले नाही, म्हणून भाचीकडून लेंड टू आणि बॉरो फ्रॉम दहा वेळा म्हणून घेतलं, पैसे कुठल्या दिशेनं जातायत ते हातानं दाखवत.

मेक आणि डू राहिलंय अजून. तिथे मराठीतलं करणे एकटंच आहे, चहा करा नाहीतर अभ्यास करा, त्यामुळे आपली भाषा तिथे मदतीला येत नाही आणि मेक टी, डू होमवर्क असं एकेक लक्षातच ठेवावं लागतं. ते रविवारी घेणार आहे, ती वही घेऊन येते म्हणाली.