उशाशी चप्पल

३० सप्टेंबर, रात्री

आज पहाटे परत त्याच वेळेला जाग आली. घड्याळ बघावं लागत नाही, चारला चार मिनिटं कमी. १९९३ ला अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. आमचं गाव तिथून दोन कोसांवर. मी दहा वर्षांची. ज्या माळवदाच्या मातीच्या छतानं उन्हाळाभर घर गार ठेवलं, त्याचीच माती आजीच्या अंगावर आली. मला वडिलांनी पायाला धरून ओढून काढलं. त्या पांढऱ्या मातीची चव अजून जिभेवर आहे. परवा वरच्या मजल्यावर फरशी फोडत होते, भिंत थरथरली, धुरळा उडाला, आणि मी सहा मजले अनवाणी उतरून गेटापाशी उभी.

डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात, मोठ्या आघातानंतर मागं राहणारा मानसिक आजार. मी म्हटलं, ते तर सैनिकांना होतं ना? १९८० साली अमेरिकेत मानसिक आजारांच्या यादीत या निदानाला जागा मिळाली, त्यात व्हिएतनामहून परतलेल्यांचा वाटा मोठा, एवढं वाचलं होतं. मी कुठं लढायला गेले होते? आमच्या गल्लीत एकेका घरातली पाच-पाच माणसं गेली. माझी फक्त आजी. (फक्त! लिहितानाही हात तोच शब्द लिहितो.) ज्यांचं सगळं गेलं ते सोयाबीन काढतायत, सुना आणतायत. मग माझीच काय ही थेरं? असं मला कुणी म्हटलेलं नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही. मीच म्हणते, रोज.

मागच्या आठवड्यात विम्याचा फॉर्म भरला. थायरॉइड: हो. बीपी: हो. मानसिक आजार: नाही. पेन अडखळलं नाही. २०१७ च्या कायद्यानं या आजाराला बाकीच्या आजारांसारखाच विमा द्यावा लागतो, आणि लपवलं तर पुढे क्लेम अडकतो, दोन्ही ठाऊक होतं. गोळ्यांची पट्टीही व्हिटॅमिनच्या डबीत असते.

सकाळी आईला फोन केला.

"झोपलीस का?"

"झोपले की. भाईर, पत्र्याखाली."

सरकारनं दिलेल्या घराला पंचवीसच्या वर वर्षं झाली, ती अजून स्लॅबखाली निजत नाही. झड लागली तर खाटेवर प्लास्टिक ओढून घेते. तिला मी कच्च्या मनाची कधी म्हटलं नाही. तसं डोक्यातसुद्धा आलं नाही.

मग बोलून गेले, "आई, मी अजून उशाशी चप्पल आन् बॅटरी घेऊन झोपते."

"मग? बिनचपलाची पळतीस का काय?"

गोळीचं मात्र नाही सांगितलं.