कॅटनिसच्या खुर्चीचे तीन मिलिमीटर

मंडळी, 'हंगर गेम्स' कादंबऱ्यांमधला राष्ट्राध्यक्ष स्नो, त्याच्या बुक-नूकचं (पुस्तकांच्या मधे ठेवायच्या चिमुकल्या देखाव्याचं) घोडं खुर्चीपाशी अडलं होतं. ते एकदाचं सुटलं. तिन्ही भाग ज्यांचे वाचून झालेले नाहीत त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं फोडलेलं आहे.

प्रसंग तुम्हाला माहीत आहेच. 'कॅचिंग फायर'ची (2009) सुरुवात, विजेत्यांच्या वस्तीतलं नायिका कॅटनिसचं घर, अभ्यासिकेचं दार. आत पाठमोरा स्नो पुस्तक वाचतोय आणि मागे न बघता एक बोट वर करतो: थांब जरा. मागच्या नोंदीत मी नूकसाठी हाच क्षण पक्का केला होता. घर तिचं, खोली तिची, आणि ताटकळायचंही तिनेच! कितव्यांदा वाचलं तरी डोक्यात तिडीक जाते. आवाज चढवणारे खलनायक पुष्कळ बघितले, पण परक्याच्या घरात त्या घरच्याच माणसाला वाट बघायला लावणारा हा एकच.

पण बोट बसवायच्या आधी पुढची पानं पुन्हा चाळली आणि खुर्ची डोळ्यांत भरली. कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम जिथे गृहपाठ करते आणि आई जिथे घरखर्चाचा हिशेब मांडते, त्याच टेबलामागे स्नो जाऊन बसतो. कॅटनिस समोरच्या ताठ पाठीच्या खुर्चीवर. ती खुर्ची तिच्याहून उंच माणसासाठी केलेली, त्यामुळे तिच्या पायांची फक्त बोटं जमिनीला टेकतात. धमक्या अजून सुरू व्हायच्यात आणि इकडे नुकत्याच जीवघेणे खेळ जिंकून आलेल्या मुलीचं शाळकरी पोर करून टाकलंय. हे दाखवायचं नसेल तर नूक करायचाच कशाला?

आता गणित बघा. नूकची रुंदी 10 सेंटिमीटर. 1:12 माप (खऱ्याच्या बारावा भाग) घेतलं तर खोली जेमतेम 1.2 मीटर रुंद होते, म्हणजे अभ्यासिका कसली, बोळच. म्हणून 1:24. साधारण खुर्चीची बैठक 45 सेंटिमीटरवर असते, ती इथे येते 1.9 सेंटिमीटरवर. उंच खुर्ची 52 धरली तर 2.2. फरक सगळा मिळून 3 मिलिमीटर! दोन्ही खुर्च्या करून शेजारी ठेवल्या तर फरक कळतो, पण नूकमध्ये एकटीच खुर्ची असणार आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. बैठक मुद्दाम आणखी उंच केली, तर ती बारमधलं स्टूल वाटायला लागली. टेबल खाली घेतलं, तर स्नोचे गुडघे टेबलात घुसले. शेवटी कॅटनिसची बाहुली करून बसवली, आणि सगळ्यात बिघडलं ते तिथेच. बाहुली आली की बघणारा लांबचा प्रेक्षक होतो. कादंबरी तर अख्खी तिच्या तोंडून येते, आपल्याला तिच्या डोळ्यांबाहेर पाऊलच ठेवता येत नाही.

तिथून मार्ग सुचला. बाहुली बाद, खुर्चीही बाद. बघणाराच खुर्चीवर! समोरच्या कडेला, अगदी खाली, फक्त दोन बूट: टाचा अधांतरी, टोकं जमिनीला. बूट 1:12 मध्ये, मागची भिंत आणि स्नो 1:24 मध्ये, आणि मधलं टेबल हळूहळू लहान होत जाणारं. टेबलाचा वरचा भाग समलंब चौकोनी कापला, पुढे 8 सेंटिमीटर, मागे साडेपाच. पुठ्ठ्याचा कच्चा नमुना उभा करून डोळा लावला आणि पोटात खड्डाच पडला. स्नो दूर, किरकोळ, पांढऱ्या केसांचा (पुस्तकातही तो लहानखुरा, सडपातळच आहे), आणि तरी आपल्याच टाचा टेकत नाहीत.

बोटाची खूण मात्र हुकली. जिवावर आलंय, पण एका नूकमध्ये दोन क्षण बसत नाहीत.

कोटावरच्या गुलाबावर मी खूश आहे. 1:24 मध्ये खरा गुलाब दोन-अडीच मिलिमीटरचा होतो. टिश्यू पेपरची सर्पिल पट्टी कापून सुईवर गुंडाळली, बुडाला गोंदाचा ठिपका. मी तो 4 मिलिमीटरचा ठेवलाय, कारण कॅटनिसलाच तो वास नैसर्गिक वाटत नाही. मग फूल तरी मापात का असावं? रंग पांढरा, तिसऱ्या भागात स्नो तिच्या खोलीत ठेवून जातो तसा. गुलाबाच्या बाबतीत सिनेमातला स्नो, डोनाल्ड सदरलंड, यांना मी मानते. पहिल्या सिनेमाच्या (2012) वेळी त्यांनी दिग्दर्शक गॅरी रॉस यांना स्नो आणि गुलाबांबद्दल पत्र लिहिलं, आणि त्यातूनच बागेतले प्रसंग सिनेमात आले.

स्नोच्या श्वासाला येणारा रक्ताचा वास कसा दाखवायचा हे अजून नीट जमलेलं नाही. स्नो कपातून रक्त पितोय, त्यात बिस्किट बुडवतोय, असं तिच्या मनात येतं, म्हणून चहाच्या कपात यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात घट्ट होणारं) ओतून लाल टाकला. गडद रंग घातला की प्रकाश तळापर्यंत पोचत नाही. वरून कडक, आत चिकट. अल्कोहोल इंकचा (अल्कोहोलमधल्या पातळ रंगाचा) अर्धा थेंब आणि एकावर एक पातळ थर, हाच उपाय. चहा तपकिरीच ठेवतेय, लाल फक्त कडेला. नुसता लाल केला तर भुताटकीचा सिनेमा होईल. खेळातला तिचा साथीदार पीटा याने बिस्किटांवर काढलेली फुलं टाचणीच्या टोकाने उमटली, भिंगाखाली पाकळ्या मोजता येतात!

दिव्यांचा विक्रेता मात्र बदलणार. पाकिटावर 'वॉर्म व्हाइट' आणि त्यातले निम्मे एलईडी निळसर. त्या प्रकाशात स्नोचा चेहरा प्रेतासारखा दिसत होता. परत पाठवणार होते, पण हे लिहिता लिहिता सुचतंय की निळे खिडकीबाहेर लावावेत आणि टेबलावर एकच पिवळा. बाहेर थंडी, आत पाहुणचार. बरं झालं पाकीट बांधलं नव्हतं.

आणखी एक डोक्यात घोळतंय. एकमेकांशी खोटं बोलायचं नाही, हा करार या खोलीत होतो. 'मॉकिंगजे'मध्ये (2010) कैदेतला स्नो काचघरात गुलाबांमध्ये बसून बॉम्बचा ठपका बंडखोरांची नेता कॉइन हिच्यावर ठेवतो, तेव्हा याच कराराची आठवण करून देतो. म्हणजे या प्रसंगाचं दुसरं टोक तिकडे आहे. मग नूक एक नाही, जोडी हवी: तेच माप, तोच कोन, फक्त टेबलाच्या जागी झुडपं. काचघराला ॲक्रिलिक लागेल, आणि सुपरग्लूच्या वाफेने ॲक्रिलिक पांढरं पडतं, तेव्हा तिथे कॅनोपी ग्लूच (वाळल्यावर पारदर्शक राहणारा गोंद). त्या नूकमध्ये बूट टेकलेले ठेवायचे की नाही, यावर अजून माझं मत होत नाहीये.

आधी पहिल्याचे बूट. 1:12 मध्ये पाऊल दोन सेंटिमीटरचं, क्लेमध्ये टाचेची कड गोल होते आणि चामडं वाटत नाही. पातळ चामडं तासून ओढलेले बूट कोणी केले असतील तर साचा कशाचा घेतला ते सांगा. आठवडाअखेर टेबलाला पॉलिश चढवतेय, तोवर बूट थांबतील.